कोडोरीची दरी आणि तिची तीन नावे

गेल्या अंकात कॉकेससवरील लेखासोबत छापलेल्या नकाशात एकाच नदीच्या खोऱ्यावर आम्ही तीन नावे दिली होती : कोडोरी, दाल आणि वरचा अबखाझिया. बोटभर जागेत तीन नावे पाहून काही वाचकांना ही छपाईची चूक वाटली, काहींनी कोणते नाव खरे असे विचारले, आणि दोघा-तिघांनी या दरीचा इतिहासच सांगावा असा आग्रह धरला. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : संपादक महोदय, ही दरी नेमकी कोठे आहे आणि डोंगरातल्या एवढ्याशा खोऱ्यासाठी भांडण्यासारखे तेथे आहे तरी काय?

उत्तर : थोडक्यात सांगायचे तर तेथे वाट आहे. काळ्या समुद्राच्या पूर्व किनाऱ्यालगत अबखाझिया नावाचा चिंचोळा प्रदेश पसरलेला आहे. जगातील बहुतेक देशांच्या लेखी तो जॉर्जियाचा भाग आहे. प्रत्यक्षात मात्र १९९३ पासून तेथील कारभार सुखुमी शहरात बसलेली अबखाझ राजवट चालवते आणि तिच्या पाठीशी रशिया उभा आहे. या प्रदेशाच्या उत्तरेला कॉकेससची मुख्य रांग आहे आणि तिच्या पलीकडे रशियन संघराज्यातील काराचाई-चेर्केसिया. रांगेच्या दक्षिण उतारावर साकेन आणि ग्वांद्रा या दोन नद्यांचा संगम होतो आणि तेथून पुढच्या प्रवाहाला कोडोरी म्हणतात. साकेनसह मोजल्यास तिची लांबी सुमारे १०५ किलोमीटर भरते. अबखाझियात लांबीच्या बाबतीत बिझिब नदी तिच्या पुढे असली, तरी सेकंदाला सरासरी १४४ घनमीटर पाणी वाहून नेणारी कोडोरी पाण्याच्या मानाने पहिली आहे. सुखुमीच्या दक्षिणेला ती समुद्राला मिळते.

या खोऱ्याचे दोन मजले आहेत, असे समजल्यास पुढचा सगळा इतिहास समजणे सोपे जाते. खालचा, तुलनेने मोकळा भाग म्हणजे त्सेबेल्दा. वरचा, उंच डोंगरांनी वेढलेला भाग म्हणजे दाल. दोहोंच्या मध्ये बगादा नावाचा अरुंद घाट आहे, जेथे रस्ता उभ्या कड्याच्या पोटात खोदून काढावा लागला. वरच्या मजल्यावरून तीन दिशांना वाटा फुटतात. एक खाली समुद्राकडे जाते. दुसरी २,७८१ मीटर उंचीच्या क्लुखोर खिंडीतून उत्तरेला तेबेर्दाकडे उतरते. तिच्या पश्चिमेला मारुख ही आणखी एक खिंड आहे. तिसरी पूर्वेकडचा डोंगर ओलांडून स्वानेतीत, म्हणजे जॉर्जियाच्या डोंगराळ मुलखात जाते. झारशाहीच्या काळात सुखुमीहून कोडोरीच्या काठाने क्लुखोरपर्यंत जो रस्ता बांधला गेला, त्याचे नावच ‘सुखुमी लष्करी मार्ग’ असे ठेवण्यात आले होते. ज्याच्या हाती वरची दरी आहे, त्याला ही तिन्ही दारे उघडता येतात आणि लावताही येतात.

या वाटेचे महत्त्व आजकालचे नाही. सहाव्या शतकात बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन, सम्राटाचा झेमार्खोस नावाचा वकील मध्य आशियातील तुर्कांच्या दरबारी गेला होता. रेशमाच्या व्यापारातून इराणला वगळता यावे, हा त्या शिष्टाईचा एक हेतू होता. परतताना तो कॉकेससच्या उत्तर पायथ्याशी पोहोचला, तेव्हा अलान लोकांच्या प्रमुखाने त्याला सावध केले की मिसिमियन लोकांच्या मुलखातून जाणाऱ्या वाटेवर इराणी सैनिक दबा धरून बसले आहेत. ही वाट कोडोरीच्या वरच्या भागातून जात असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. झेमार्खोसने रेशमाची ओझी देऊन दहा हमाल त्या वाटेने पुढे पाठवले, जेणेकरून मागून स्वारी येतच आहे असा इराण्यांचा समज व्हावा, आणि स्वतः दुसऱ्या वाटेने सुखरूप निघून गेला.

प्रश्न : जॉर्जियन म्हणतात दरी आमची, अबखाझ म्हणतात आमची. एक घाव दोन तुकडे करून सांगावे : ही दरी मूळ कोणाची?

उत्तर : एक घाव दोन तुकडे करणे येथे शक्य असते, तर दोन्ही बाजूंच्या इतिहासकारांनी ते केव्हाच केले असते. या वादाचे मर्म असे आहे, की प्रत्येक पक्ष उत्तर देण्याआधी मनाशी एक सन ठरवतो आणि तेथून मोजणी सुरू करतो. सन बदलला की मालक बदलतो.

अगदी जुन्या काळापासून सुरुवात करू. सहाव्या शतकात खालच्या भागात अप्सिल आणि वरच्या भागात मिसिमियन या जमाती राहत होत्या. सम्राट जस्टिनियन आणि इराणचा खुस्रो यांच्यातील प्रदीर्घ युद्धात हा मुलूख दोघांच्या कात्रीत सापडला होता. सोतेरिखोस नावाचा बायझंटाइन अधिकारी मित्र जमातींना वाटायचे पैसे घेऊन तेथे आला. आपला एक किल्ला तो अलानांना देऊन टाकणार आहे, अशा संशयावरून मिसिमियनांनी त्याला ठार मारले आणि इराणचा पक्ष धरला. इ.स. ५५६ मध्ये बायझंटाइन फौज त्यांच्यावर चालून गेली. कड्यावर वसलेल्या त्यांच्या त्झाखार या किल्ल्याच्या परिसरात रात्री चढून जाऊन फौजेने जी कत्तल केली, तिच्यातून बायका-मुलेही सुटली नाहीत. अगाथियास हा बायझंटाइन इतिहासकार खरे तर विजेत्यांच्या बाजूचा, पण लहान मुलांच्या हत्येबद्दलची नापसंती त्याच्याही लेखणीतून सुटत नाही. दरीच्या लिखित इतिहासातील हा पहिला मोठा प्रसंग.

आता गंमत पाहा. हे मिसिमियन कोण होते? जॉर्जियन अभ्यासक त्यांचे नाव स्वानेतीतले स्वान लोक स्वतःला म्हणवतात त्या ‘मुश्वान’ या शब्दाशी जोडतात आणि मिसिमियनांना स्वानांचे पूर्वज ठरवतात. अबखाझ अभ्यासक तेच नाव मार्शान या अबखाझ सरदार घराण्याशी जोडतात आणि त्यांना अबखाझांचे पूर्वज ठरवतात. चौदाशे वर्षांपूर्वी नाहीशा झालेल्या एका जमातीच्या नावातील दोन-तीन अक्षरांवर आजच्या हक्काची इमारत उभी करण्याचा हा खटाटोप आम्हांला, स्पष्टच सांगायचे तर, दोन्हीकडून सारखाच अवघड वाटतो. त्सेबेल्दातील त्सिबिलियम या प्राचीन किल्ल्याचे उत्खनन करणारे पुरातत्त्वज्ञ युरी वोरोनोव्ह हे रशियन घराण्यातले, पण त्सेबेल्दाचेच रहिवासी होते. पुढे ते अबखाझ सरकारात उपपंतप्रधान झाले आणि सप्टेंबर १९९५ मध्ये सुखुमीत त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. या मुलखात उत्खनन आणि राजकारण यांच्यातील अंतर किती कमी आहे, हे त्यावरून लक्षात यावे.

मध्ययुगाचा सन धरला तरी गुंता सुटत नाही. आठव्या शतकाच्या अखेरीस येथे अबखाझियाचे स्वतंत्र राज्य उभे राहिले. त्या राजघराण्यातील आईच्या पोटी जन्मलेल्या तिसऱ्या बग्रातला ९७८ मध्ये अबखाझियाची गादी मिळाली आणि त्याने ते राज्य जॉर्जियन मुलखांशी जोडून एकत्रित जॉर्जियन राज्याचा पाया घातला. त्याच्या वंशजांच्या बिरुदावलीत ‘अबखाझांचा राजा’ ही पदवी प्रथम येते. जॉर्जियन वाचक यात एकात्मता पाहतो आणि अबखाझ वाचक स्वतःच्या राज्याची पुरातनता पाहतो, आणि दोघेही एकाच बिरुदावलीवर बोट ठेवून बोलत असतात.

एकोणिसाव्या शतकात आल्यावर मात्र कागदपत्रे बोलू लागतात. १८१० मध्ये अबखाझियाच्या संस्थानिकाने रशियाचे संरक्षण स्वीकारले, पण दाल आणि त्सेबेल्दा येथील डोंगरी समाज त्या संस्थानिकालाही फारसे जुमानत नसत. तेथे मार्शान घराण्यातील सरदारांचे वजन होते आणि लोक अबखाझ होते, याविषयी गंभीर वाद नाही. रशियाला त्यांच्यावर १८३७ आणि पुन्हा १८४०-४१ मध्ये मोहिमा काढाव्या लागल्या. १८६४ मध्ये कॉकेससचे युद्ध संपले, अबखाझियाचे संस्थान खालसा झाले, आणि १८६६ मध्ये लिख्नी गावी उठाव झाला. त्याची शिक्षा म्हणून १८६७ मध्ये सुमारे वीस हजार माणसे जहाजांत घालून उस्मानी तुर्कस्तानात पाठवण्यात आली, आणि त्यांतील मोठा भाग दाल व त्सेबेल्दा येथला होता. ‘मोहाजीर’ हा शब्द मराठी वाचकाला फाळणीच्या संदर्भात माहीत आहे. अबखाझ इतिहासात तोच अरबी शब्द या हद्दपारीसाठी वापरला जातो. वरची दरी जवळजवळ निर्मनुष्य झाली. शेते, अक्रोडाची झाडे, घरांची जोती जागच्या जागी राहिली, राहणारे गेले.

रिकाम्या झालेल्या त्सेबेल्दात पुढच्या काही दशकांत ग्रीक, आर्मेनियन, रशियन असे निरनिराळे लोक वसले. वरच्या दालमध्ये डोंगर ओलांडून शेजारच्या स्वानेतीतून स्वान आले. स्वानांची भाषा जॉर्जियनच्या कुळातली, पण जॉर्जियन माणसाला ती ऐकून समजत नाही. वांशिक दृष्ट्या ते स्वतःला जॉर्जियनच मानतात. अझारा, गेंत्स्विशी, च्खाल्ता, साकेन ही त्यांची गावे. आणखी एक स्थलांतर येथे नोंदवायला हवे : १९४९ मध्ये काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावरील ग्रीकांना स्टालिनच्या राजवटीने मध्य आशियात हद्दपार केले, तेव्हा त्सेबेल्दाची ग्रीक गावेही उठली.

तेव्हा अबखाझ जेव्हा म्हणतात की दाल आमची, ते १८६७ च्या आधीचा सन धरतात, आणि त्यांचे म्हणणे खरे असते. स्वान जेव्हा म्हणतात की आमच्या चार-पाच पिढ्या येथे जन्मल्या आणि येथेच पुरल्या गेल्या, ते १८६७ नंतरचा सन धरतात, आणि त्यांचेही म्हणणे खरे असते. दाल रिकामी करण्याचा हुकूम ना स्वानांनी दिला होता ना जॉर्जियाची राजधानी असलेल्या तिबिलिसीने; तो झारच्या अधिकाऱ्यांनी दिला होता. आजच्या भांडणात हा तिसरा पक्ष सहसा आरोपीच्या पिंजऱ्यात दिसत नाही, ही आम्हांला या साऱ्या वादातील सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्य या दरीपर्यंत पोहोचले होते, असे वाचले. हे खरे आहे काय?

उत्तर : होय. १९४२ च्या उन्हाळ्यात कॉकेससच्या तेलावर डोळा ठेवून जर्मनीने जी चढाई केली, तिच्यातील पर्वतीय तुकड्यांनी ऑगस्टच्या मध्यास क्लुखोर खिंड घेतली. सोव्हिएत सेनापतींनी खिंडीचा बंदोबस्त हलगर्जीपणाने ठेवला होता. एवढ्या उंचीवरून मोठे सैन्य येणार नाही असा त्यांचा होरा होता. जर्मन सैनिक खिंडीतून दक्षिणेला क्लिच नदीच्या खोऱ्यात उतरले. तेथून कोडोरीच्या काठचा रस्ता थेट सुखुमीला जातो. सोव्हिएत ४६ व्या सेनेने त्यांना तेथेच रोखून धरले आणि सप्टेंबरच्या आरंभी मारुख खिंड हातची गेल्यावरही शत्रूला किनाऱ्यापर्यंत पोहोचू दिले नाही. जानेवारी १९४३ मध्ये जर्मन मागे फिरले. मारुखच्या हिमनदीत गोठून राहिलेले सोव्हिएत सैनिकांचे अवशेष १९६२ मध्ये एका मेंढपाळाच्या दृष्टीस पडले, तेव्हा कोठे त्या लढाईकडे पुन्हा लक्ष गेले.

याला एक पुरवणी आहे. खिंडीच्या उत्तर उतारावर राहणाऱ्या काराचाई लोकांवर शत्रूला सामील झाल्याचा आरोप ठेवून नोव्हेंबर १९४३ मध्ये सबंध जमातीला मध्य आशियात हलवण्यात आले आणि त्यांचा मुलूख जॉर्जियाला जोडला गेला. त्यांच्या मुख्य गावाचे नाव बदलून ‘क्लुखोरी’ असे ठेवले गेले आणि रिकाम्या घरांत स्वान कुटुंबे आणून बसवली गेली. पन्नाशीच्या दशकात तो प्रदेश रशियाला परत मिळाला, काराचाई परतले आणि स्वानांना निघावे लागले. दालमध्ये जे घडले, त्याचीच आवृत्ती खिंडीच्या पलीकडे पंधरा वर्षांच्या आत सुरू होऊन संपली.

प्रश्न : १९९३ च्या युद्धात जॉर्जियाने सगळा अबखाझिया गमावला, मग नेमकी हीच दरी त्याच्याकडे कशी राहिली?

उत्तर : ‘त्याच्याकडे राहिली’ असे म्हणण्याआधी थोडे थांबले पाहिजे; ती अबखाझांच्या हाती गेली नाही, एवढेच निश्चितपणे म्हणता येते.

पार्श्वभूमी अशी. सोव्हिएत काळात १९३१ पासून अबखाझिया हे जॉर्जियांतर्गत स्वायत्त प्रजासत्ताक होते. १९८९ च्या जनगणनेत तेथील सव्वापाच लाख लोकसंख्येपैकी जॉर्जियन ४५.७ टक्के आणि अबखाझ अवघे १७.८ टक्के होते. सोव्हिएत संघ कोसळताना अबखाझांना जॉर्जियात विरघळून जाण्याची धास्ती होती आणि जॉर्जियाला फुटण्याची. १४ ऑगस्ट १९९२ रोजी जॉर्जियन फौजा अबखाझियात शिरल्या आणि युद्धाला तोंड फुटले. उत्तर कॉकेससमधील स्वयंसेवक आणि रशियातून मिळणारी मदत यांच्या बळावर अबखाझांनी २७ सप्टेंबर १९९३ रोजी सुखुमी जिंकले.

दरीने या युद्धात दोन मोठी दुःखे पाहिली, आणि ती दोन्ही बाजूंची आहेत. १४ डिसेंबर १९९२ रोजी वेढ्यात अडकलेल्या त्क्वार्चेली गावातून बायका-मुलांना घेऊन निघालेले एक रशियन हेलिकॉप्टर दरीतील लाता गावाजवळ पाडले गेले. त्यात ८० हून अधिक माणसे मेली, त्यांत कित्येक मुले होती. अबखाझांच्या स्मरणात लाता हे नाव याच अर्थाने राहिले आहे. पुढे सुखुमी पडल्यावर हजारो जॉर्जियन कुटुंबे जिवाच्या भीतीने कोडोरीच्या काठाने वर चढत निघाली. साकेनच्या पलीकडची खिंड ओलांडून स्वानेतीतील चुबेरीकडे उतरायचे, ही एकच वाट त्यांना मोकळी होती. उन्हाळी कपड्यांत घर सोडलेले म्हातारे आणि मुले बर्फात, भुकेने आणि थंडीने वाटेतच दगावली. जॉर्जियनांच्या स्मरणात कोडोरी म्हणजे ती पायपीट. एकाच दरीविषयी बोलणारी दोन माणसे दोन वेगळे सुतक पाळत असतात.

विजयी अबखाझ फौज लाता ओलांडून वर गेली नाही. अरुंद घाट आणि प्रत्येक घरात बंदूक बाळगणारे स्वान यांमुळे वरची दरी जिंकणे महागात पडले असते. १४ मे १९९४ रोजी मॉस्कोत युद्धविरामाचा करार झाला. त्यानुसार जॉर्जियाने कोडोरीतून आपले सैन्य काढायचे होते, रशियाचे शांतिसैनिक मध्ये उभे राहायचे होते आणि संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांनी दरीत नियमित गस्त घालायची होती. जॉर्जियन सैन्य हटले की उरले ते स्थानिक स्वानांचे हत्यारबंद दल. त्याचे नाव ‘मोनादिरे’, म्हणजे शिकारी, आणि त्याचा म्होरक्या एमझार क्वित्सियानी. जॉर्जियाचे अध्यक्ष शेवर्डनाड्झे यांनी त्यालाच दरीतील आपला प्रतिनिधी नेमले, यातच तिबिलिसीची सत्ता तेथे किती पोहोचत होती ते आले. संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांना १९९९ ते २००३ या काळात दरीत अनेकदा ओलीस धरण्यात आले. त्यांची सुटका झाली, पण गस्त दीर्घकाळ बंद पडली.

प्रश्न : चेचेन बंडखोर ज्या दरीत लपले होते, ती हीच का? तिचे नाव पांकिसी असे वाचल्याचे आठवते.

उत्तर : पांकिसी वेगळी. ती जॉर्जियाच्या ईशान्य कोपऱ्यात, अलाझानी नदीच्या वरच्या भागात आहे आणि तेथील किस्त लोक चेचेनांचे भाऊबंद आहेत. दोन्ही नावांची गल्लत होण्याचे कारण म्हणजे २००१ ची एक घटना. रशियाविरुद्ध लढणाऱ्या चेचेनांचा सेनानी रुस्लान गेलायेव आपल्या लोकांसह पांकिसीतून निघाला आणि सबंध जॉर्जिया पूर्व-पश्चिम ओलांडून कोडोरीत उगवला. शेकडो हत्यारबंद माणसे सरकारी यंत्रणेच्या नकळत एवढा प्रवास करू शकत नाहीत, म्हणून तिबिलिसीतील कोणाचा तरी या स्वारीला हात होता, असा निष्कर्ष बहुतेक निरीक्षकांनी काढला, आणि तो टाळणे आम्हांलाही जड जाते. ऑक्टोबर २००१ मध्ये या टोळीने दरीच्या खालच्या भागातील गावांवर हल्ले केले. त्याच धामधुमीत ८ ऑक्टोबर रोजी संयुक्त राष्ट्रांचे हेलिकॉप्टर पाडले गेले आणि आतील नऊही जण ठार झाले. अबखाझांनी टोळी पिटाळून लावली, पण जॉर्जियाने पुन्हा दरीत सैनिक पाठवले. ते काढून घेण्याचा समझोता एप्रिल २००२ मध्ये झाला. त्यानंतर काही दिवसांतच, १२ एप्रिल रोजी, रशियाने पूर्वसूचनेशिवाय वरच्या दरीत हेलिकॉप्टरांतून छत्रीधारी सैनिक उतरवले. शेवर्डनाड्झे स्वतः तेथे धावले आणि प्रकरण हातघाईवर येण्याआधी ते सैनिक माघारी गेले.

प्रश्न : करारानुसार सैन्य ठेवता येत नव्हते, तर २००६ ची मोहीम जॉर्जियाने कशी काढली? आणि २००८ मध्ये दरी गेली कशी?

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दावर बेतलेले आहे. शेवर्डनाड्झे यांच्यानंतरचे अध्यक्ष साकाश्विली सत्तेवर आल्यानंतर २००५ मध्ये ‘मोनादिरे’ बरखास्त करण्याचा हुकूम निघाला. जुलै २००६ मध्ये क्वित्सियानीने तो उघडपणे धुडकावला आणि २५ जुलैला जॉर्जियन दले दरीत शिरली. ही दले गृहमंत्रालयाची आहेत, म्हणजे हे पोलीस आहेत, सैन्य नव्हे, आणि करारात बंदी आहे ती सैन्याला, असा जॉर्जियाचा युक्तिवाद होता. अबखाझ आणि रशिया यांनी तो मानला नाही. सुरक्षा परिषदेच्या ऑक्टोबर २००६ मधील १७१६ क्रमांकाच्या ठरावातही, निर्माण झालेला नवा तणाव निदान काही अंशी या मोहिमेमुळे आहे, असे नमूद झाले. क्वित्सियानी निसटला.

एका बंडखोर म्होरक्याला हुसकावण्यापर्यंत गोष्ट थांबली असती, तर कदाचित निभावले असते. साकाश्विली यांनी त्यापुढे जाऊन अबखाझियाचे तिबिलिसीत बसणारे, जॉर्जियाच्या मान्यतेचे निर्वासित सरकार च्खाल्ता गावी हलवले, आणि २७ सप्टेंबर २००६ रोजी, म्हणजे सुखुमी पडल्याच्या बरोबर तेराव्या वार्षिकदिनी, वरच्या दरीचे अधिकृत नाव ‘वरचा अबखाझिया’ असे ठेवले. रस्ते, शाळा, दवाखाना यांवर पैसा ओतला गेला. सुखुमीच्या डोक्यावर बसलेले हे दुसरे ‘अबखाझ सरकार’ अबखाझांना मोहिमेपेक्षाही जास्त झोंबले. ११ मार्च २००७ च्या रात्री च्खाल्तातील सरकारी इमारतीवर मारा झाला. तो कोणी केला, हे संयुक्त चौकशीतून निर्विवादपणे सिद्ध झाले नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लहान आहे. ऑगस्ट २००८ मध्ये जॉर्जियातून फुटलेल्या दक्षिण ओसेतिया या दुसऱ्या प्रदेशावरून रशिया-जॉर्जिया युद्ध पेटले. ९ ऑगस्टला दरीवर विमानांतून आणि तोफांतून मारा सुरू झाला. संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक त्याआधीच बाहेर काढले गेले होते. १२ ऑगस्टला अबखाझ फौज वर चढली तेव्हा लढायला जवळजवळ कोणी उरलेच नव्हते. जॉर्जियन दले आणि दोन हजारांच्या आसपास असलेले स्वान रहिवासी डोंगर ओलांडून निघून गेले होते; मोजकी माणसे मागे राहिली. दाल दीडशे वर्षांच्या आत दुसऱ्यांदा रिकामी झाली. २६ ऑगस्ट रोजी रशियाने अबखाझियाला मान्यता दिली. जून २००९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षक मोहिमेला मुदतवाढ देणारा ठराव रशियाने नकाराधिकार वापरून हाणून पाडला, कारण त्याच्या मसुद्यातील संदर्भ जॉर्जियाची प्रादेशिक अखंडता गृहीत धरत होते. पंधरा वर्षांची गस्त शब्दांच्या वादात संपली.

प्रश्न : मग नकाशात कोणते नाव योग्य? पुढच्या वेळी एकच छापावे, ही विनंती.

उत्तर : विनंती मान्य आहे, पण कारणे सांगितली पाहिजेत. ‘वरचा अबखाझिया’ हे नाव जॉर्जियन लिखाणात आजही आढळते; मात्र ते एका सरकारने एका विशिष्ट राजकीय हेतूने दिलेले आहे आणि त्या नावाखालचा कारभार दोन वर्षेच टिकला. २००७ चा नकाशा काढायचा असेल, तर ते द्यावे लागेल. ‘दाल’ हे जुने नाव अबखाझ आणि जॉर्जियन दोघांच्याही वापरात आहे, पण ते दरीच्या वरच्या मजल्याचे आहे, सबंध खोऱ्याचे नव्हे. म्हणून पुढील नकाशांत नदीवर आणि खोऱ्यावर ‘कोडोरी’ हे एकच नाव देऊ. दाल आणि त्सेबेल्दा ही नावे बारीक अक्षरांत त्या त्या भागांवर येतील.

यानेही सर्वांचे समाधान होणार नाही, हे आम्ही जाणतो. जॉर्जियन भाषेत व्यंजनान्त नामाच्या अंती ‘ई’ लागते. म्हणून जॉर्जियन सोखुमी म्हणतात आणि कोडोरी म्हणतात. अबखाझ आणि रशियन ती ‘ई’ कटाक्षाने गाळून सुखुम आणि कोडोर असे लिहितात, आणि तेथील पाट्यांवरून ते अक्षर १९९३ नंतर पुसलेही गेले. आमच्या नकाशातली दुसरी वेलांटी आम्ही ठेवत आहोत, ती मराठीत आणि आंतरराष्ट्रीय कागदपत्रांत हेच रूप रूढ आहे एवढ्याच कारणाने.